उलाळ गाडी: बैलाला कळतं ते कारला का कळत नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लेखी स्वरूपात.

सुरुवात एका प्रश्नाने. दोन चाकांची गाडी आहे, ती कुणीतरी पुढून ओढणार आहे. सामान कुठे ठेवाल? मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्याकडे ‘लोड बॅलन्सिंग’ म्हणजे सगळीकडे सारखं वाटप. त्यामुळे माझ्या डोक्यात पहिलं उत्तर येतं, बरोब्बर मध्यभागी! चाकांच्या पुढे अर्धं, मागे अर्धं. आणि हे उत्तर चूक आहे.

बैलगाडीवाल्यांना हे फार आधीपासून माहीत होतं. वजन मागे जास्त झालं की गाडीचं तोंड वर उचलतं, जू बैलांच्या खांद्यावरून सुटायला लागतं आणि गळ्याखालचा पट्टा आवळतो. अशा गाडीला मराठीत नेमका शब्द आहे, उलाळ. उलट वजन फार पुढे आलं तर जुवाचा सगळा भार मानेवर येतो आणि खांदे सोलवटतात. म्हणून गाडी भरताना थोडंसं वजन चाकांच्या पुढे ठेवायचं. बैलाच्या खांद्यावर दाब जाणवला पाहिजे, पण ओझं व्हायला नको.

आता थोडं लांब जाऊ, इंग्लंडला. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टरने हौसेखातर एक चालतं-फिरतं घर बनवून घेतलं. नाव ‘वाँडरर’, वजन सुमारे २ टन, ओढायला दोन घोडे. त्यातून हा गडी ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसपर्यंत गेला. मौजेखातर कॅरॅव्हॅनमधून फिरण्याची सुरुवात बरेच जण इथूनच मोजतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या, वाँडररला चार चाकं होती. गाडीचं वजन घोड्यांवर जवळजवळ येतच नव्हतं, त्यांनी फक्त ओढायचं. म्हणजे उलाळ व्हायचा प्रश्नच नाही.

मग मोटार आली. १९१९ पासून बर्मिंगहॅमची एकल्स कंपनी कारमागे जोडायच्या कॅरॅव्हॅन बनवायला लागली. अमेरिकेत १९३४ मध्ये हॉली बोलस या ग्लायडर बनवणाऱ्या माणसाने ॲल्युमिनियमचा ‘रोड चीफ’ ट्रेलर आणला. त्याचं दार चक्क पुढे, हुकाच्या वर होतं! वॉली बायमने तेच डिझाइन घेऊन दार बाजूला हलवलं आणि १९३६ मध्ये एअरस्ट्रीम ‘क्लिपर’ १२०० डॉलरला विकायला काढला. हे ट्रेलर एका आसावर, दोन चाकांवर चालायचे. म्हणजे फिरून गाडी आली बैलगाडीवरच. फक्त जुवाच्या जागी हुक आणि बैलांच्या जागी इंजिन.

फरक एकच, वेग. आणि हा साधा फरक नाही.

बैलगाडी चालते माणसाच्या चालीने. १९५६ च्या कायद्यानंतर अमेरिकेत इंटरस्टेट हायवेचं जाळं पसरलं आणि ट्रेलर ताशी १००-१०० किलोमीटरने पळायला लागले. या वेगाला उलाळ ट्रेलर नुसता तोंड वर करत नाही, तो झुलायला लागतो. वाऱ्याचा झोत आला, शेजारून ट्रक गेला, की शेपूट डावीकडे, मग उजवीकडे. वजन नीट असेल तर प्रत्येक झोका आधीपेक्षा लहान होतो आणि विषय संपतो. पण प्रत्येक जोडीची एक वेगमर्यादा असते. ती ओलांडली की प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. वजन मागे सरकलं की ही मर्यादा खाली येते. शिवाय हुक वर उचलला गेल्यामुळे कारच्या मागच्या चाकांची पकडही सुटते. मग काही सेकंदांत ट्रेलर कारला घेऊन उलटतो. माणसं यात जीवानिशी गेली आहेत.

म्हणून नियम आले. अमेरिकेत सांगतात, भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के हुकावर आलं पाहिजे. १५०० किलोचा ट्रेलर असेल तर १५० ते २२५ किलो. ब्रिटनमध्ये हाच आकडा ५ ते ७ टक्के. तिथल्या कारच्या हुकाची क्षमता कमी आणि ट्रेलर ओढताना वेगाची मर्यादाही कडक. फार जास्त वजनही नको, नाहीतर कारचं बूड दबतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक नीट लागत नाहीत. बैलाचे खांदे सोलवटतात, तसंच.

पण टक्केवारी जमली म्हणजे झालं का? नाही. २००९ मध्ये बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी एका ट्रेलरमधली वजनं हलवून हलवून चाचण्या केल्या. हुकावरच्या वजनाबरोबरच सामान किती पसरलंय यालाही मोठं महत्त्व निघालं. एक जड पेटी पुढच्या टोकाला, एक मागच्या टोकाला ठेवली तर तराजू सरळच दिसेल, पण एकदा झोका सुरू झाला की तो थांबवणं कठीण. म्हणून जड सामान खाली, आसाजवळ, किंचित पुढे. टोकांना फक्त उशा-पांघरुणं.

आणि झोका सुरू झालाच तर? ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. करकचून ब्रेक नाही, वेग वाढवणं तर मुळीच नाही. ट्रेलरच्या ब्रेकचं वेगळं बटण असेल तर फक्त तेवढेच लावायचे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यामुळे तुमच्यापैकी कुणीतरी उद्या कारमागे ट्रेलर लावणारच. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. गाडी उलाळ झाली की बैल तिथल्या तिथे अडतो, तक्रार करतो. कार करत नाही. ती ४० ला गप्प असते, ६० ला गप्प असते, आणि ९० ला एकदम बोलते. म्हणून निघण्याआधी, ट्रेलर सपाट जागेवर उभा असताना, हुकाखाली वजनकाटा लावून बघायचा. बैलाचं काम आता आपल्याला करायचंय.

तुमच्या भागात उलाळ गाडीला वेगळा शब्द आहे का? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!