पुंजांक आणि इलेक्ट्रॉन संरूपण

पुंजांक म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉनची अवस्था निश्चित करणाऱ्या चार संख्या होत. त्यांना क्वांटम अंक असेही म्हणतात. अणूतील इलेक्ट्रॉनांची निरनिराळ्या कवचांत व उपकवचांत असलेली मांडणी म्हणजे त्या मूलद्रव्याचे इलेक्ट्रॉन संरूपण. मूलद्रव्याची संयुजा, रासायनिक गुणधर्म आणि आवर्तसारणीतील स्थान यांचा उलगडा या मांडणीवरून होतो.

इतिहास

नील्स बोर यांनी १९१३ साली हायड्रोजन अणूचे प्रारूप मांडताना एकच पुंजांक वापरला होता. वर्णपटरेषांची सूक्ष्म रचना स्पष्ट करण्यासाठी आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी पुढे आणखी पुंजांकांची भर घातली. वोल्फगांग पाउली यांनी १९२५ साली दोनच मूल्ये असणाऱ्या चौथ्या पुंजांकाची गरज दाखवून अपवर्जन तत्त्व मांडले. त्याच वर्षी जॉर्ज उलेनबेक आणि सॅम्युएल गाउडस्मिट यांनी या पुंजांकाचा संबंध इलेक्ट्रॉनच्या परिवलनाशी जोडला. एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ साली मांडलेले समीकरण हायड्रोजन अणूसाठी सोडवले असता पहिले तीन पुंजांक आपोआप मिळतात.

चार पुंजांक

• मुख्य पुंजांक (एन) : मूल्ये १, २, ३ इत्यादी. यावरून कवच ठरते.
• कोनीय संवेग पुंजांक (एल) : मूल्ये ० ते एन − १. यावरून उपकवच व त्यातील कक्षकांचा आकार ठरतो. ०, १, २, ३ या मूल्यांच्या उपकवचांना अनुक्रमे एस, पी, डी, एफ म्हणतात.
• चुंबकीय पुंजांक (एम) : मूल्ये − एल ते + एल. यावरून उपकवचातील कक्षकांची संख्या मिळते. ती एस, पी, डी, एफ यांत अनुक्रमे १, ३, ५, ७ असते.
• परिवलन पुंजांक : मूल्ये + १/२ किंवा − १/२. मात्र इलेक्ट्रॉन भोवऱ्याप्रमाणे प्रत्यक्ष फिरतो, असा याचा अर्थ नाही.

भरणीचे नियम

पाउली यांच्या तत्त्वानुसार एकाच अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक सारखे नसतात. म्हणून एका कक्षकात जास्तीत जास्त २ इलेक्ट्रॉन राहतात आणि कवचाची कमाल क्षमता २ × एन × एन होते : २, ८, १८, ३२. हुंड यांच्या नियमानुसार समान ऊर्जेच्या कक्षकांत प्रथम एकेक इलेक्ट्रॉन जातो. त्यामुळे नायट्रोजनच्या २पी उपकवचातील तिन्ही इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या कक्षकांत असतात.

तिसऱ्या कवचाची क्षमता १८ असूनही पोटॅशियमची (अणुअंक १९) मांडणी २, ८, ८, १ अशी का, हा प्रश्न येथे उद्भवतो. हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन असल्याने त्याची ऊर्जा मुख्यतः एन वरच अवलंबून असते. अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूत मात्र आतील इलेक्ट्रॉन केंद्रकाचे आकर्षण अंशतः झाकतात. ४एस मधील इलेक्ट्रॉन या आवरणाच्या आत, केंद्रकाजवळही आढळण्याची शक्यता ३डी मधील इलेक्ट्रॉनपेक्षा जास्त असते. परिणामी पोटॅशियममध्ये ४एस ची ऊर्जा ३डी पेक्षा कमी ठरते आणि एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो. सर्वसाधारणपणे एन + एल ही बेरीज जिथे कमी, ते उपकवच आधी भरते; बेरीज समान असल्यास कमी एन असलेले आधी भरते.

अपवाद

हा क्रम काटेकोर नाही. क्रोमियममध्ये (२४) ३डी मध्ये ५ व ४एस मध्ये १, तर तांब्यात (२९) ३डी मध्ये १० व ४एस मध्ये १ इलेक्ट्रॉन असतो. तसेच आयन बनताना भरणीचा क्रम उलटा लागू होत नाही. लोखंडाच्या अणूतून प्रथम ४एस मधील दोन इलेक्ट्रॉन निघून जातात, ३डी मधील नव्हे.

आवर्तसारणीशी संबंध

आवर्तसारणीतील एस, पी, डी व एफ खंडांची २, ६, १० व १४ स्तंभांची रुंदी ही त्या उपकवचांची क्षमता होय. अशा मांडणीचा प्रभाव हाफ्नियमच्या (७२) शोधात दिसून आला. ल्युटेशियमपाशी (७१) ४एफ उपकवच पूर्ण होत असल्याने पुढील मूलद्रव्य दुर्मिळ मृदा गटातील नसून झिर्कोनियमसारखे असावे, असा बोर यांचा निष्कर्ष होता. दिर्क कोस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांना ते कोपनहेगन येथे झिर्कोनियमच्या खनिजातच सापडले. १९२३ साली जाहीर झालेल्या या मूलद्रव्याला कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून हाफ्नियम हे नाव मिळाले.