एममित्र

गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या मुलांच्या माता यांना साध्या मोबाइलवर आरोग्याची माहिती ऐकवणारी मोफत ध्वनिसंदेश सेवा. मुंबईतील ‘अरमान’ या स्वयंसेवी संस्थेने ती 2014 मध्ये सुरू केली. या संस्थेची स्थापना स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 मध्ये केली.

कार्यपद्धती : सरकारी व पालिका रुग्णालयांत तपासणीला आलेल्या स्त्रियांची नोंद तिथेच होते, वस्त्यांमध्ये ‘आरोग्यसख्या’ म्हणवणाऱ्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन ती करतात. गरोदरपणाचा आठवडा, भाषा आणि फोन घ्यायला सोयीची वेळ एवढी माहिती पुरते. त्यानंतर मूल वर्षाचे होईपर्यंत 145 संदेश येतात, प्रत्येक साधारण एक ते दोन मिनिटांचा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात तर फोन रोज येतो, कारण स्तनपानाच्या अडचणी आणि बाळाच्या धोक्याच्या खुणा तेव्हाच समोर येतात. फोन उचलला गेला नाही तर पुन्हा लावला जातो. वेळ बदलायची असेल तर बाईने मिस्ड कॉल द्यायचा. तिला खर्च पडत नाही.

सेवेचे खरे बळ या वेळापत्रकात आहे. लोहाच्या गोळ्यांविषयीचा संदेश त्या सुरू व्हायच्या सुमारास येतो, सहाव्या आठवड्याच्या लसीची आठवण लस जवळ आल्यावर होते. सगळे सल्ले एकाच पुस्तिकेत छापून हातात दिले, तर ती कपाटात जाते. आवाजामुळे वाचता न येणाऱ्या स्त्रीलाही माहिती मिळते, शिवाय स्मार्टफोन लागत नाही.

अडचण फोनच्या मालकीची आहे. अनेक घरांत एकच फोन असतो आणि तो नवऱ्याबरोबर कामावर जातो. सिमकार्ड बदलले की नोंदलेला क्रमांकही निरुपयोगी होतो.

वडील : संदेश प्रामुख्याने मातेला उद्देशून आहेत.

गळती : काही आठवड्यांनी ऐकणे सोडणाऱ्या स्त्रिया बऱ्याच असतात. त्यांपैकी कोणाला कार्यकर्तीने स्वतः फोन केल्यास उपयोग होईल, हे ओळखण्यासाठी गूगलच्या भारतातील संशोधकांसह कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली तयार झाली. सुमारे 23,000 स्त्रियांवरील चाचणीत गळती जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाली. मोजके मनुष्यबळ योग्य दारी पोहोचवण्याचा हा उपाय अन्य आरोग्यसेवांनीही अभ्यासावा असा आहे.

किलकारी : याच धर्तीची केंद्र सरकारची सेवा. बिहारमध्ये बीबीसी मीडिया ॲक्शनने ती विकसित केली. 2016 मध्ये आरोग्य मंत्रालयाने ती राष्ट्रीय स्तरावर आणली. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत 72 संदेश, आठवड्याला एक. ते ‘डॉ. अनिता’ या काल्पनिक पात्राच्या आवाजात असतात. क्रमांक सरकारी माता-बाल नोंदणीतून घेतले जातात. पुढे ती चालवण्यात अरमानचा सहभाग आला.

परिणाम : मुंबईतील अभ्यासात एममित्र ऐकणाऱ्या मातांचे बालसंगोपनाचे ज्ञान काही बाबतींत अधिक आढळले. मध्य प्रदेशातील चार जिल्ह्यांत किलकारीची मोठी यादृच्छिक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष संमिश्र आहेत: आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर थोडा वाढला, निव्वळ स्तनपानात मात्र फरक दिसला नाही. स्तनपानाला घरातल्या मोठ्या बायकांची साथ आणि हाताशी मदत लागते. ती उणीव फोन भरून काढू शकत नाही.

महाराष्ट्रात किलकारीचे मराठी संदेश 2024 मध्ये सुरू झाले.