लिखित हक्क, अध्याहृत हक्क

भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क नमूद आहेत; पण नागरिकाला लाभलेला प्रत्येक हक्क तेथे शब्दाने सापडतोच असे नाही. 'वृत्तपत्रस्वातंत्र्य' हा शब्दच तेथे नाही. त्याचा स्वतंत्र उल्लेख करावा, ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत अनावश्यक ठरवली. संपादक हाही नागरिकच असल्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्यात त्याचे लेखन येतेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये रोमेश थापर खटल्यात हाच अर्थ कायम केला.

खासगीपणाच्या हक्काची वाट मात्र इतकी सरळ नव्हती. घटनेत त्याचा उल्लेख नाही, या कारणाने १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींच्या पीठाने तो नाकारला. १९६२ च्या खरकसिंग खटल्यात तर न्यायालयाने संशयिताच्या घरी रात्री-अपरात्री जाण्याचा पोलिसांचा अधिकार रद्द केला. तरी खासगीपणा हा मूलभूत हक्क नव्हे, असेही त्याच निकालात म्हटले. या विसंगतीचा आधार घेऊन केंद्र सरकारने 'आधार'च्या सुनावणीत असा हक्कच नसल्याची भूमिका घेतली. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मुख्यतः कलम २१ मधील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत असल्याचे सांगितले. एका न लिहिलेल्या शब्दासाठी सहा दशके गेली.

म्हणून हक्क स्पष्ट लिहून टाकावेत, असे वाटणे साहजिक आहे. पण लिहिताना हक्काला कुंपणही पडते. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात न्यायालयाने कलम २१ मधून चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाचा मोफत शिक्षणाचा हक्क काढला होता. त्यात किमान वयाची अट नव्हती. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने हा हक्क कलम '२१ क' म्हणून घटनेत आला, तो सहा ते चौदा या वयोगटापुरता! सहा वर्षांखालील मुले मार्गदर्शक तत्त्वांतील कलम ४५ कडे सोपवली गेली आणि त्या तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानेही तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय सरकार 'करू शकेल' एवढेच म्हटले; 'करील' असे म्हटले नाही.