गावांची नावे आणि आपल्या वाडवडिलांचे धंदे

जीर्णोद्धार समितीच्या मंडळींनी स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहावेत असा आग्रह केला. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे, तहसील कचेरीतला साधा कारकून. परंतु रोज सातबारा आणि गावनमुने हाताळताना गावांची नावे डोळ्यांखालून जातात व विचार सुचतो. तोच आपणापुढे ठेवीत आहे.

जुन्या चांदा जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. कागद दोन ठिकाणी वाटले गेले, तरी नावांची वीण एकच राहिली. दक्षिणेकडे आलापल्ली, एटापल्ली येथील ‘पल्ली’ हा तेलुगू शब्द, अर्थ गाव. गोंडीत गावाला ‘नार’ म्हणतात. आरमोरी तालुक्यातले वैरागड म्हणजे जुने वज्राकर, अर्थात हिऱ्यांची खाण. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत येथील हिऱ्यांची नोंद केली आहे. हिरे संपले, नाव मात्र उरले.

लोहारा या नावाची हकीगत सर्वांनी वाचण्यासारखी आहे. आपल्याकडील लोहार टेकडीचा दगड आणून, लाकडी कोळसा पाडून, मातीच्या भट्टीत भात्याने लोखंड गाळीत. त्यातून नांगराचे फाळ व कुऱ्हाडी होत. १८८२ साली फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडावर अहवाल निघाला. त्यात लोहाऱ्याच्या लोखंडाची वाखाणणी होती. नागपूरला एम्प्रेस मिल चालविणाऱ्या जमशेटजी टाटांनी तो वाचला. वरोऱ्यास कोळशाची खाण होतीच. त्यांनी तो कोळसा जर्मनीत तपासून घेतला, पण तो भट्टीच्या कामाचा ठरला नाही. खाणपट्ट्याचे सरकारी नियमही जाचक होते. बेत राहिला आणि पुढे कारखाना उभा राहिला दूर साकचीला, ज्याला आज जमशेदपूर म्हणतात. वरोऱ्याचा कोळसा बरा निघता तर! असो. इकडे विलायती लोखंड स्वस्त येऊ लागले, जंगल राखीव झाल्याने कोळसा पाडणेही अवघड झाले आणि लोहारांच्या भट्ट्या विझल्या. आज सुरजागडचे लोखंड यंत्रांनी निघते आहे.

गावाच्या नावामागील शेपटाकडे आपले लक्ष जात नाही. तळोधी मोकासा घ्या. ‘मोकासा’ म्हणजे चाकरीबद्दल दिलेल्या गावाचा वसूल. ‘तुकूम’ हा शब्द चंद्रपूर शहरातील वस्तीमुळे सर्वांस ठाऊक आहे. गोंड राजांच्या काळी जंगल तोडून, तलाव बांधून जो जमीन लागवडीस आणील त्याला ती सवलतीने मिळे, त्या रीतीचा हा शब्द. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या तलावांवर आजही धान पिकते. आणि ‘रीठ’ म्हणजे उठून गेलेले गाव. तेथे राहणारा कोणी नाही, तरी शेतसारा त्याच नावाने भरला जातो.

धंद्यावरून पडलेली सगळीच नावे मानाची नाहीत. कित्येक वस्त्यांना दुसऱ्यांनी जातीवरून नाव दिले आणि राहणाऱ्यांना ते निमूटपणे सांगावे लागले. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच झाला. मात्र पाटी बदलताना त्या वस्तीने काय केले, विहिरी कोणी खोदल्या, पाळ कोणी घातली, देवळाची वीट कोणी भाजली, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहून ठेवावे. नाव पुसले आणि कामही विसरले, तर त्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली जाईल. समितीला नम्र विनंती आहे की, जागा वाचविण्यासाठी गावांच्या नावापुढील मोकासा, तुकूम, चक, रीठ हे शब्द गाळू नयेत. ज्यांचे मूळ गाव आज रीठ झाले आहे, अशांनी पावतीवर तेच गाव सांगितले असेल, तर तेच छापावे.