परिचारिकेचे ज्ञान आणि डॉक्टरची पदवी

परिचारिकेच्या कामाला आपण ‘सेवा’ म्हणतो. शब्द आदराचा आहे, पण फसवा आहे. सेवेचे कौतुक होते, सेवा करणारीचे मत सहसा विचारले जात नाही. रात्रभर रुग्णाच्या उशाशी असणाऱ्या स्त्रीला त्याच्या आजाराविषयी काही उमगले असेल, ही शक्यता हा शब्द अलगद बाजूला सारतो. म्हणूनच साहित्याच्या आम्हा अध्यापकांना सिसिली सॉन्डर्स यांचे चरित्र ज्ञानाच्या इतिहासातील प्रकरण म्हणून वाचावेसे वाटते.

सॉन्डर्स यांचा जन्म १९१८ साली इंग्लंडमध्ये झाला. त्या ऑक्सफर्डला शिकत असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० मध्ये विद्यापीठ सोडून त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील नाइटिंगेल विद्यालयात परिचर्येचे शिक्षण घेतले. पुढे पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले. ऑक्सफर्डची पदवी पुरी करून त्या रुग्णांच्या सामाजिक अडचणी पाहणाऱ्या कार्यकर्त्या म्हणून पुन्हा रुग्णालयात आल्या. तिथे डेव्हिड तास्मा हा पोलंडहून आलेला ज्यू रुग्ण त्यांना भेटला. तो कर्करोगाने शेवटच्या टप्प्यावर होता. मरणोन्मुख माणसांसाठी निराळे घर कसे असावे, यावर दोघे बोलत. १९४८ मध्ये तो वारला. जाताना त्याने त्या घरातली एक खिडकी होण्यासाठी पाचशे पौंड मागे ठेवले.

त्यानंतर सॉन्डर्स सेंट ल्यूक या संस्थेत संध्याकाळी विनावेतन परिचर्या करू लागल्या. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळेने औषध देण्याची तिथल्या परिचारिकांची रीत होती. एरवी रुग्णालयांत व्यसनाच्या धास्तीने रुग्ण कळवळेपर्यंत मॉर्फिन लांबवले जाई. म्हणजे उत्तर सापडलेले होते, पण ते एका संस्थेच्या भिंतींआड राहिले होते. मरणाऱ्यांकडे डॉक्टरच पाठ फिरवतात, तेव्हा आधी वैद्यक शिका, असे नॉर्मन बॅरेट या शल्यविशारदांनी त्यांना सुचवले. १९५१ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या.

हा सल्ला व्यवहारी होता आणि तितकाच बोचराही. वेदनेविषयीचे मूळ निरीक्षण परिचर्येतले होते. त्याला वजन यावे म्हणून सहा वर्षे खर्ची पडली. या काळाचे मोल नाकारता येत नाही. औषधशास्त्राची समज आणि पुरावा गोळा करण्याची शिस्त त्यातूनच आली. परंतु ज्यांना असे परतणे परवडले नाही, अशा किती परिचारिकांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच संपले असेल, हा प्रश्नही उरतोच.

१९५८ पासून हॅक्नीच्या सेंट जोसेफ रुग्णालयात सॉन्डर्स यांनी नियमित मॉर्फिनची पद्धत रुजवली आणि शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. त्या रुग्णांना बोलते करीत आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रितही करीत. एका स्त्रीने पाठीपासून दुखण्याचे वर्णन सुरू केले आणि औषधे, घरच्यांची ओढाताण, एकटेपणा असे करीत आपले सगळेच बिघडले आहे इथवर ती आली. अशा बोलण्यातून ‘समग्र वेदना’ ही संकल्पना आकाराला आली. शरीर, मन, समाज आणि अध्यात्म या चारही अंगांनी दुखणारे एकच दुखणे. रुग्णाचे वाक्य त्यांनी तक्रार म्हणून बाजूला ठेवले नाही. आपण संहिता वाचतो तसे ते लक्षपूर्वक वाचले. उशाशी बसण्याची सवय पदवीनंतरही सुटली नव्हती, याची ही खूण.

१९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू झाले. उपचारांसोबत तिथे अध्यापन आणि संशोधनही चाले. तास्माची खिडकीही तिथे आहे. या विचाराची एक शाखा १९८६ मध्ये मुंबईत, वांद्र्याच्या शांती आवेदना सदनाच्या रूपाने उगवली. २००५ मध्ये सॉन्डर्स यांचे निधन त्यांनीच उभारलेल्या हॉस्पिसमध्ये झाले.

आज रात्रपाळी सांभाळून उच्च शिक्षणाचा अर्ज भरणाऱ्या परिचारिकेला आपण ‘आता बढती मिळेल’ असे म्हणतो. तिने इतकी वर्षे काय पाहिले, काय ऐकले, हे तिला वर्गात कोणी विचारते का? शिकवणाऱ्यांनी, म्हणजे आपण, निदान एवढे तरी विचारायला हवे.