आडवा हात

भुसावळच्या रेल्वे सिग्नल केबिनमध्ये लिव्हर ओढायचा तर आधी हातात फडकं घ्यावं लागे. घामाने पोलाद गंजतं, म्हणून उघड्या हाताने लिव्हरला कुणी शिवत नसे. माझे वडील, अण्णा, त्या केबिनमध्ये नोकरीला होते. शाळा सुटली की मी डबा घेऊन लाकडी जिन्याने वर जायचो. अण्णा पाय रोवून लिव्हर ओढत, रुळांच्या कडेची तार चाकांवरून करकरत ताणली जाई आणि लांबवर सिग्नलचा हात खाली येई. ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडीला वाट मोकळी.

एकदा मी विचारलं, ‘‘अण्णा, तार तुटली तर?’’ सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला खांबापर्यंत चालत नेलं आणि तिथलं लोखंडी वजन दाखवलं. तार तुटली की वजन खाली जातं आणि हात आपसूक आडवा होतो. आडवा हात म्हणजे थांबा.

पुढे मी विमानतळांवरच्या रेडिओ यंत्रांवर नोकरी केली आणि पहिल्याच वर्षी चक्रावलो. तेव्हा लहानमोठ्या विमानतळांचा आधार होता एनडीबी. मध्यम लहरींवर अखंड बोलणारं एक केंद्र, आणि विमानात त्याच्याकडे वळणारा एक काटा. काटा दिशा सांगतो, अंतर सांगत नाही. पावसाळ्यात जवळ वीज कडाडली की तो केंद्र सोडून ढगाकडे झुकतो. आणि केंद्रच बंद पडलं तर? अनेक जुन्या यंत्रांत काटा होता तिथेच थांबून राही. पाहणाऱ्याला वाटावं, सगळं ठीक आहे. म्हणून वैमानिकाने केंद्राच्या नावाची मोर्समधली अक्षरं कानाने ऐकत राहायची. टिकटिक थांबली की काटा मेला असं समजायचं. त्या टिकटिकीची राखण हे आमचं निम्मं काम होतं.

आमच्या खात्यातले जुने लोक जुन्नरचा अपघात सांगत. ७ जुलै १९६२, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. बँकॉकहून मुंबईला येणारं अलितालियाचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ माणसं गेली. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत असा वैमानिकाचा समज झाला होता आणि तो वेळेआधीच खाली उतरू लागला, असं चौकशीत ठरलं. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ जिनिव्हाला उतरण्याच्या वाटेवर माँ ब्लाँवर आदळलं, तेव्हा त्याच्या दोन व्हीओआर यंत्रांपैकी (जमिनीवरच्या केंद्रावरून दिशा सांगणाऱ्या) एक बंद होतं. रडारवरून मिळालेला निरोप नीट समजला नाही, आणि डोंगर मागे पडला असं मानून विमान खाली आलं. ११७ जण गेले. होमी भाभा त्यांत होते.

आयएलएस, म्हणजे विमानाला धावपट्टीवर उतरायची वाट दाखवणारी यंत्रणा, आली तेव्हा मला अण्णांनी दाखवलेलं लोखंडी वजन आठवलं. धावपट्टीजवळून येणाऱ्या विमानाकडे दोन किरण सोडलेले असतात, एक डावं-उजवं सांगणारा, दुसरा साधारण तीन अंशांचा उतार दाखवणारा. प्रत्येकात ९० आणि १५० हर्ट्झचे दोन सूर असतात. विमानातल्या यंत्राला दोन्ही सारखे मिळाले की आपण बरोबर मध्यावर. सूर नाहीसे झाले की डायलवर लाल पट्टी येते. इथे हात आडवा होतो, असं मी नव्या मुलांना शिकवायचो.

मग २९ जुलै २००० ची हकिकत वाचली आणि माझं शिकवणं बदललं. एअर न्यूझीलंडचं बोइंग ७६७ रात्री सामोआच्या फालेओलो विमानतळावर उतरत होतं. बांधकामात केबल तुटल्याने टॉवरला यंत्राची अवस्था कळत नव्हती, आणि उताराचा प्रक्षेपक अशा स्थितीत राहिला होता की बिघाड होऊनही तो बंद पडला नाही. लहर आणि तिच्यातले दोन्ही सूर येत होते, पण त्यांच्यात फरक पाडणारा भाग नव्हता. लाल पट्टी आली नाही. उलट, विमान कुठेही असो, काटा मध्यावर. त्या काट्यामागे जात विमान धावपट्टीच्या काही मैल अलीकडेच जमिनीजवळ आलं. बाहेरचे दिवे आणि अंतर जुळत नाही हे वैमानिकांच्या ध्यानात आलं आणि सुमारे ४०० फुटांवरून त्यांनी विमान वर उचललं. सगळे वाचले. हिशेब साधा आहे: तीन अंशांच्या उतारावर दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट. तो तोंडपाठ हवा, असं मी त्यानंतर प्रत्येक मुलाला सांगितलं.

आपल्या खानदेशात विमानांची ही विद्या उशिरा आली. जळगावची धावपट्टी १९७३ची, धुळ्याजवळच्या गोंदूरची १९७४ची. पण जळगावहून ठरलेल्या वेळेची प्रवासी सेवा सुरू व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. मधली कितीतरी वर्षं इथलं उड्डाण म्हणजे डोळ्यांचं उड्डाण. धुळ्याला, शिरपूरला शिकणारी मुलं तापी धरून उडतात, सुरत लाइन ओळखतात, दीपनगरच्या चिमण्या दिसल्या की भुसावळ आलं समजतात. हे कमी दर्जाचं ज्ञान आहे असं मी मानत नाही.

कारण आता काळजी आहे ती उपग्रहावरून वाट दाखवणाऱ्या जीपीएसची. वीस हजार किलोमीटरवरून येणारा त्याचा संकेत फार क्षीण असतो. जमिनीवरून कुणी खोटा, जोरकस संकेत सोडला तर यंत्र तोच खरा मानतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत उतरणाऱ्या विमानांना हा अनुभव आला, सरकारने तो संसदेत मान्य केला. जमिनीवरच्या साधनांनी चालणाऱ्या धावपट्ट्यांना त्याची झळ बसली नाही. म्हणून जुनी केंद्रं मोडीत काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे. लहान गावांच्या विमानतळांवर तर नाहीच.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी जळगाव विमानतळावर बसलो होतो. सकाळी धुरकट होतं, कुसुंब्याकडची झाडंही पुसट दिसत होती. विमानाचा आवाज डोक्यावर आला, गोल फिरला, परत आला. मग वाढत गेला आणि लांब गेला. सगळे उठून उभे राहिले. माझ्या शेजारी बसलेल्या मावशी, केळीच्या वेफर्सची पिशवी मांडीवर घेतलेल्या, म्हणाल्या, ‘‘इथवर येऊन गेलं कसं हो भाऊ?’’

‘‘खाली नीट दिसलं नसेल मावशी,’’ मी म्हटलं, ‘‘म्हणून गेलं. बरं केलं त्यानं.’’

त्यांना ते फारसं पटलं नाही. आम्ही चौघांनी मिळून एक रिक्षा केली आणि स्टेशन गाठलं.