सरकत्या पट्ट्याचे कूळ

अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये, रेड क्ले क्रीक नावाच्या ओढ्याकाठी, ऑलिव्हर इव्हान्सने १७८० च्या दशकात पिठाची एक गिरणी उभारली. गहू आत आल्यापासून पीठ तयार होईपर्यंत कुणालाही ओझे उचलावे लागू नये, हा त्याचा ध्यास होता. वर चढवायला बादल्यांची माळ, आडवे न्यायला मळसूत्र, आणि खाली उतरवायला दोन कप्प्यांवर ताणलेला, टोके जोडलेला रुंद पट्टा. हा पट्टा पातळ चामड्याचा किंवा कापडाचा असे. त्याला उतार दिलेला असल्याने वर पडलेल्या मालाच्या वजनानेच तो फिरे. १७९० मध्ये इव्हान्सला पेटंट मिळाले. जॉर्ज वॉशिंग्टन यांनीही माउंट व्हर्ननच्या आपल्या गिरणीत ही यंत्रणा बसवून घेतली. आज गोदामात पार्सले वाहणाऱ्या पट्ट्याचे कूळ मी इथून धरतो. कारण पट्ट्याची घडण मालाकडे पाहून ठरवायची, ही रीत इथेच दिसते.

पुढची पायरी लिव्हरपूलच्या गोदीत. १८६० च्या दशकाच्या अखेरीस गोदीचे अभियंता लिस्टर यांनी वॉटर्लू डॉकच्या धान्यकोठारांत लांबच लांब पट्टे बसवले. धान्य हलके, कोरडे आणि गुळगुळीत, त्यामुळे पट्ट्याला फारसा त्रास नव्हता. खरी परीक्षा दगडाने घेतली.

न्यू जर्सीतल्या ऑग्डेन इथे एडिसनने लोहखनिज दळून चुंबकाने वेगळे करण्याचा मोठा कारखाना काढला होता. तिथे पट्टे भराभर फाटत होते. १८९१ च्या सुमारास रबराच्या व्यवसायातला थॉमस रॉबिन्स हा तरुण तिथे पोहोचला आणि झिजलेले पट्टे निरखू लागला. जाड सुती कापड धारदार खडीखाली झिजून गेले होते, पण त्यावरचा रबराचा पातळ थर त्या मानाने चिवटपणे टिकला होता. एरवी रबर म्हणजे कापडाला पाणी लागू नये म्हणून दिलेला लेप. रॉबिन्सने हा हिशेब उलटा केला. ताण सोसायचे काम कापडाचे, मार खायचे काम रबराचे. मग मार जिथे जास्त, तिथे रबर जाड. वरच्या बाजूला जास्त, खाली कमी. मध्यावर जास्त, कडांना कमी. पट्ट्याखाली तीन रोलरांची पन्हळ मांडून त्याने माल मधोमध राहील असेही केले.

मला या कुळातला हाच माणूस सर्वांत मोठा वाटतो. त्याने नवा पदार्थ शोधला नाही. ओढणारे अंग आणि झिजणारे अंग ही दोन वेगळी आहेत, एवढेच ओळखले. १८९६ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पट्ट्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कोळसा, चुनखडी, फॉस्फेट वाहणारे आजचे पट्टे त्याच रचनेचे आहेत. मेघालयातल्या खाणीतली चुनखडी सीमा ओलांडून बांगलादेशातल्या छातकच्या सिमेंट कारखान्यात नेणारा सुमारे १७ किलोमीटरचा पट्टाही त्यातलाच. १९५७ मध्ये गुडरिच कंपनीने तर पट्ट्याला अर्धा पीळ देऊन जोडण्याचे पेटंट घेतले, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजाव्यात.

पार्सल या घरात उशिरा आले. १९०६ मध्ये शिकागोत सिअर्स कंपनीचे टपालाने माल पाठवणारे अवाढव्य केंद्र उघडले. तिथे सरकते पट्टे, साखळ्या, घसरगुंड्या आणि हवेच्या नळ्या एकत्र नांदत होत्या. प्रत्येक ऑर्डरीला पंधरा मिनिटांचा ठरावीक वेळ दिलेला असे. तेवढ्यात सगळ्या विभागांचा माल एका जागी यायचा. माल वाहणे आणि माल वेळेवर जुळवणे यांची गाठ इथे पडली. १९२४ मध्ये यूपीएसने पार्सले हाताळायला पट्टा आणला.

खोका काही खनिज नव्हे. तो पट्ट्याला ओरबाडत नाही. तो घसरतो, कलंडतो, आडवा होतो. म्हणून पार्सलाचा पट्टा दिसायलाही वेगळा: पॉलिएस्टर कापडाचे दोन पदर आणि वर पीव्हीसीचा पातळ थर. खालचे कापड उघडेच ठेवतात, कारण त्याला रोलरांऐवजी बहुधा पत्र्यावरून घसरत जायचे असते. चढ आला की वरचा थर खरबरीत लागतो. वळणावर खोक्याचे तोंड फिरू नये म्हणून पंख्यासारखा कापलेला पट्टा बसवतात. स्कॅनरपुढे दोन पार्सले चिकटून येऊ नयेत म्हणून छोटे पट्टे ओळीने लावून पुढच्याचा वेग मागच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात. पट्टा बाजूला सरकू नये म्हणून मधे किंचित फुगीर पुली वापरतात. ही युक्ती जुन्या गिरण्यांतल्या लाइन शाफ्टवरच्या, म्हणजे सगळी यंत्रे फिरवणाऱ्या लांब दांड्यावरच्या, सपाट पट्ट्यांपासून चालत आली आहे. मुंबईच्या गिरणगावातल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, ती कुणी शिकवावी लागली नसती.

मग पट्टा की रोलर? ताठ तळाच्या खोक्याला रोलर चालतात, फक्त सर्वांत लहान खोक्याखालीही एका वेळी किमान तीन रोलर असायला हवेत. पण आता भिवंडीच्या गोदामांतून कपड्यांच्या मऊ प्लॅस्टिक पिशव्याही ढिगाने निघतात. त्या रोलरांमधल्या फटीत लोंबतात, अडकतात. तिथे पट्टाच हवा. छाटणीसाठी तर प्रत्येक डब्यावर एक आडवा छोटा पट्टा बसवलेला क्रॉसबेल्ट सॉर्टर असतो. एक पार्सल, त्याला एक पट्टा. आपला नंबर आला की तो पट्टा फिरतो आणि पार्सल बाजूच्या उतारावर सोडतो.

नवे गोदाम उभारताना पहिला प्रश्न बहुतेक वेळा वेगाचा असतो: तासाला किती पार्सले? माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. पट्ट्याचा वेग मोटरीवर आणि गिअरवर ठरतो, तो पुढे वाढवता येतो. पण मालाच्या तळाशी न जुळणारा वरचा थर आणि चुकीची रुंदी बदलायला पैसा, वेळ आणि बंद पडलेले गोदाम लागते. जॉइंटचेही तसेच. धातूची क्लिप लावलेला जॉइंट पटकन होतो, पण पिशव्यांना अडकतो आणि आवाज करतो. दातेरी कापून उष्णतेने चिकटवलेला जॉइंट सपाट राहतो, मात्र त्यासाठी प्रेस आणि माहीतगार माणूस जवळ असावा लागतो. पट्टा खरेदी करताना ही जुळवाजुळव आधी विचारली तर मध्यरात्री लाइन बंद पडण्याची वेळ टळते.

तुम्ही अशी खरेदी करणार असाल तर कोटेशन मागवण्याआधी आठवडाभर गोदामाच्या डॉकवर उभे राहा. सर्वांत जड, सर्वांत हलके, सर्वांत मऊ आणि सर्वांत उंच पार्सल कोणते, हे वजनासकट लिहून घ्या. तो कागद पुरवठादारापुढे ठेवा आणि प्रत्यक्ष तीच पार्सले त्याच्या चाचणी लाइनवर चालवून दाखवायला सांगा.